अठ्ठावीस मिलिमीटरची पट्टी

जाळ्याच्या डाव्या कडेला दोन वाव, म्हणजे दहा-बारा फूट, लांबीच्या तुकड्यात डोळे सहा मिलिमीटरने मोठे होते.

नुसत्या नजरेला ते कळलं नसतं. सगुणालाही कळलं ते बोटांमुळे. पडवीत पसरलेल्या जाळ्याच्या कडेला ती सहज बसली होती आणि सवयीने एकेका डोळ्यात बोटं घालून बघत होती. एका जागी बोट जरा जास्तच सैल गेलं. मग तिने पर्समधून स्टीलची फूटपट्टी काढली. बांगड्याच्या जाळ्याचा डोळा ताणून धरला की गाठीपासून गाठीपर्यंत पन्नास मिलिमीटर भरतो. इथे छप्पन भरले. तिने आणखी नऊ डोळे मोजले, मुद्दाम वेगवेगळ्या ओळींतले. छप्पन, छप्पन, पंचावन्न, छप्पन.

चिपळूणजवळ, लोट्याच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, चौदा वर्षं मोजमापं करण्यात गेली होती तिची. हाताची चूक अशी नसते, हे तिला माहीत होतं. हात चुकला तर कधी जास्त चुकतो, कधी कमी. सगळीकडे सारखंच जास्त भरतंय म्हणजे हात बरोबर आहे, माप चुकलंय.

"बाबा, हा तुकडा कोणी विणला?"

रघू खांबाला टेकून विडी ओढत होता. "कोणी म्हंजे? तुज्या कारखान्यातल्या सायबानं."

"डोळे मोठे झालेत."

"नवा दोरा हाय गो. पाणी प्यायला की बसंल."

"नायलॉन पाणी पीत नाही, बाबा."

"तू शिकलीस त्यात ह्यो एक तोटा झाला बघ," रघू म्हणाला. "घरात कायपण बोलायची सोय ऱ्हायली नाय."

पण विडी त्याने विझवली आणि जाळ्याकडे सरकला. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला होता, उजव्याचा गणपतीनंतर काढायचा होता. तोवर म्हातारा बोटांनीच बघत असे. त्याने जाळ्यातले शेजारशेजारचे जुने आणि नवे डोळे अंगठ्यावर चढवले. दोनदा. मग तिसऱ्यांदा.

आज नारळी पौर्णिमा. संध्याकाळी वाडीतले सगळे नारळ घेऊन जेटीवर जायचे आणि परवा, बुधवारी पहाटे, होडी हंगामातल्या पहिल्या फेरीला निघायची. हे जाळं घेऊन. दोन वाव जाळं उसवून पुन्हा विणायचं म्हणजे उद्याचा अख्खा दिवस गेला. त्यात सगुणा आली होती ती भावाला राखी बांधायला, आणि भाऊ विनोद सकाळपासून जेटीवर इंजिनात डोकं घालून बसला होता.

पायरीवर वेदिका बसली होती. विनोदची मुलगी, नऊ वर्षांची, चौथीत. देवाच्या नारळाला सोनेरी कागद चिकटवायचं काम तिला दिलं होतं आणि ती ते इतकं नेटकं करत होती की कागदाला एक सुरकुती नव्हती. सगुणा 'डोळे मोठे झालेत' म्हणाली तेव्हाच तिचे हात थांबले होते. सगुणाने ते पाहिलं आणि मनात नुसती नोंद केली.

*

स्वयंपाकघरातून विनोदची बायको हेतल बाहेर आली. हाताला खवलेलं खोबरं, त्याच हाताच्या मनगटाने मोबाइल छातीशी धरलेला.

"सगुणाताई, हे बघा तरी. पेजेबाईंचा मेसेज."

पेजेबाई म्हणजे मंगळवारच्या बाई. तालुक्याच्या सहा शाळा त्यांच्याकडे. ज्या मुलांना वाचायला, लिहायला अडचण येते त्यांच्याबरोबर त्या इथे दर मंगळवारी तासभर बसत. वाडीतल्या शाळेत अशी दोन मुलं होती, त्यातली एक वेदिका. मेसेजमध्ये लिहिलं होतं: वेदिका तीन आठवडे वाचनपट्टी आणत नाही. विचारलं तर गप्प बसते. घरी वापरते का? उपयोग होत नसेल तर मला कळवा, दुसरं काही करून बघू. आणि बुधवारची तारीख कृपया चुकवू नका.

"कसली पट्टी?" सगुणाने विचारलं.

"प्लास्टिकची. बाईंनी कापून दिली होती. तिच्यात खिडकी आहे, एक ओळ दिसेल एवढी. बाकीचं पान झाकून जातं. मी सगळं दप्तर उलटं केलं. ह्या बयेला विचारलं तर म्हणते, आहे." हेतलने मुलीकडे पाहिलं. "आहे, तर कुठे आहे?"

"आहे," वेदिका नारळाला म्हणाली.

"नि बुधवारची तारीख कसली?" सगुणा म्हणाली.

हेतलने आधी आत पाहिलं, मग आवाज खाली आणला. रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात तपासणी होती. ती करणाऱ्या मॅडम बाहेरून यायच्या, चार महिन्यांतून एकदा. वेदिकाला वाचायला नेमकं कुठे अडतं ते त्या बघणार, कागद देणार. तो कागद असला की शाळेला परीक्षेत जास्त वेळ द्यावा लागतो, प्रश्न वाचून दाखवावे लागतात. वाडीतली शाळा चौथीपर्यंतच. येत्या जूनमध्ये वेदिका मालगुंडला मोठ्या शाळेत जाणार. तिथे नवे शिक्षक, वर्गात पन्नास मुलं. कागद हातात नसला तर पुन्हा पहिल्यापासून 'लक्ष देत नाही', 'आळशी आहे'.

"पाच महिने बाई मागे लागल्यात तेव्हा ही तारीख मिळाली. पुढची दिवाळीनंतर, ती पण मिळाली तर," हेतल म्हणाली. "फॉर्म फ्रिजवर पडलाय. ह्यांची सही नाही."

"तू कर. आई म्हणून चालत नाही?"

"चालते. पण बाई म्हणाल्या, वडील आले तर बरं. तिकडे घरातल्यांचं विचारतात."

"कसला कागद नि कसली सही?" आतून सगुणाच्या आईचा, भागूबाईचा आवाज आला, मागोमाग स्वतः भागूबाई. हातात नारळीभाताचं उलथनं. "मी सांगितलंय ना एकदा. पोरीच्या नावावर सरकारी शिक्का नको. उद्या सोयरीक जमवायच्या वेळी कोणतरी तोच कागद काढील. म्हणंल, हिच्यात कमी हाय."

"आई, ती नऊ वर्षांची आहे," हेतल म्हणाली.

"मग? मी नऊ वर्षांची होते तेव्हा डोक्यावर टोपली होती माज्या. मला वाचता येत नाय. अडलं कुठं?"

"तुमचं नाही अडलं. हिचं रोज अडतं. रोज संध्याकाळी पुस्तक उघडलं की हिच्या पोटात दुखतं. ते कोणाला दिसत नाही."

"आणि बुधवारी होडीची पयली फेरी," रघू मध्ये पडला. विनोद होडीचा तांडेल, होडी चालवणारा; रघूच्या मते हा मुद्दा इथेच संपला. "पयल्या फेरीला तांडेल नाय म्हंजे देवळात देव नाय. इनोद कुठं जाणार तुमच्या रत्नांग्रीला?"

म्हणजे सासू-सासरे एका बाजूला, सून दुसऱ्या. सगुणा कोणाच्या बाजूला, हे अजून कोणी विचारलं नव्हतं. तिला ते बरं वाटलं, आणि त्याची थोडी लाजही वाटली.

कारण घरातल्यांचं काय विचारतात, हे तिला सांगावं लागलं नव्हतं. विनोद तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. तो पाचवीत असताना ती तिसरीत होती आणि त्याचा गृहपाठ ती लिहीत होती. त्याचं अक्षर काढायला शिकली होती, अगदी त्याच्या 'ळ'च्या शेपटीसकट. तो तिला बदल्यात खेकडे पकडायला न्यायचा. 'कुणाला सांगशील?' तो विचारायचा. 'नाय,' ती म्हणायची. सातवीत मास्तर म्हणाले, वर्गात फळ्यावर लिही. तिथे सगुणा नव्हती. त्या पावसाळ्यानंतर बाबांनी त्याला होडीवर घेतलं आणि सगुणा एकटी शाळेत जाऊ लागली, पुढे चिपळूणला, पुढे लोट्याला. आपण तेव्हा इतकं छान लपवलं नसतं तर? हा प्रश्न तिने स्वतःला अनेकदा विचारला होता. उत्तर तपासायची कोणतीच सोय नव्हती.

*

विनोद आला तो हाताला ग्रीस माखून. "आलीस गो? चल, बांध लवकर. महिपत थांबलाय जेटीवर."

महिपत त्यांच्या होडीवरचा सगळ्यात जुना खलाशी. विनोदला सुकाणू धरायला त्यानेच शिकवलं होतं.

विनोदने हात धुतले, पाटावर बसला. सगुणाने कुंकू लावलं, राखी बांधली. त्याने पेढा तोंडात टाकला आणि डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं.

"ओवाळणीत काय मागणार ते कळलंय मला. हेतलने तुला फितवलंय."

"मी काही मागणार नाही," सगुणा म्हणाली.

"शप्पत?"

"पण जाळं बघून घे. डोळे मोठे झालेत."

विनोद तसाच उठला. बोटं घातली आणि त्याचा चेहरा बदलला. "बाबा! ह्यातनं बांगडा आयबापाला हाक मारून भायेर पडंल! कुठल्या मापावर विणलंत?"

"तूच करून ठेवलेल्या," रघू चिडून म्हणाला. जाळं चुकलं ह्यापेक्षा सगळ्यांदेखत चुकलं, ह्याचा त्याला जास्त राग होता. "माजी मापाची बांबूची पट्टी जुलैमध्ये चिरली. तुला सांगितलं, नवी कर. पंधरा दिवसांनी बघतो तर दोऱ्याच्या डब्याशेजारी ठेवलेली."

"मी? मी कधी केली? मला आठवणच नाय ऱ्हायली."

"मग ही काय आभाळातनं पडली?" रघूने दोऱ्याच्या डब्यातून पट्टी काढून पुढे टाकली.

सगुणाने ती उचलली. आइस्क्रीमच्या डब्याचं झाकण कापून केलेली, कडा पॉलिश पेपरने घासलेल्या. बोटाच्या दोन-तीन पट लांब. रुंदी मोजली: अठ्ठावीस मिलिमीटर. बांबूची होती ती पंचवीसची. दोरा पट्टीभोवती एक वेढा जातो, म्हणून तीन मिलिमीटरचे सहा होतात. हिशोब बरोबर लागला. आणि पट्टीच्या मधोमध एक लांबट, अरुंद चौकोन कापलेला होता.

"बाबा, हे भोक कशासाठी वाटलं तुम्हांला?"

"अंगठा टेकवायला," रघू म्हणाला. "मी म्हटलं, पोराला अक्कल आली. ब्येस सोय केलीय."

हेतलने तोंडावर हात ठेवला. हसू की रडू ते तिचं तिलाच ठरत नव्हतं. "बाबा, ही वाचायची पट्टी. वेदिकाची."

सगळे पायरीकडे वळले. वेदिकाने नारळ मांडीत घट्ट धरला होता.

"तू इथे अभ्यासाला बसली होतीस ना?" सगुणाने विचारलं. "आबांच्या शेजारी. तेव्हा राहिली?"

वेदिकाने मान हलवली.

"मग आबांना सांगितलं का नाहीस? ओरडतील म्हणून?"

"नाय." तिने नारळाच्या सोनेरी कागदावरून अंगठा फिरवला. सगुणाने घाई केली नाही. मग वेदिका म्हणाली, "आबा म्हणाले, ही पट्टी ब्येस आहे. महिपतकाकांना पण दाखवली. म्हणाले, अशी पट्टी आख्ख्या वाडीत नाय." ती थांबली. "माझ्या दप्तरातल्या कशाला कोणी चांगलं म्हटलं नव्हतं."

भागूबाईच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं आणि आत भात लागल्याचा वास आला तरी ती हलली नाही.

रघू घसा खाकरत म्हणाला, "पट्टी ब्येसच हाय. आपलं काम तिचं नव्हतं, एवढंच."

*

सगुणाला खरं तर आता गप्प बसायचं होतं. पण ती पट्टी हातात होती, आणि हातात आलेली गोष्ट तपासल्याशिवाय खाली ठेवणं तिला आयुष्यात जमलं नव्हतं.

"वेदिका, मला एक बघायचंय. परीक्षा नाही. मला कळत नाही म्हणून विचारतेय. पट्टी नसली की काय होतं?"

"खालची ओळ वर येते."

"म्हणजे हलते?"

"हलत नाय गो आत्ये." वेदिकाला आत्याच्या अज्ञानाची थोडी मजा वाटली. "मी एका शब्दावर अडते ना, तेवढ्यात डोळा घसरतो. मग परत आले की कुठे होते तेच सापडत नाय. मग मी मनाने सांगते काहीतरी."

"आणि पट्टी लावली की?"

"तरी अडते. पण घसरत नाय."

पुस्तक आलं. वेदिकाने न वाचलेला एक उतारा सगुणाने निवडला, मोबाइलवर घड्याळ लावलं आणि मोबाइल तिच्यापासून लपवून धरला. पहिल्या पाच ओळी पट्टीशिवाय: चार मिनिटं, तीनदा जागा हरवली, दोन शब्द मनाचे. पुढच्या पाच ओळी पट्टी लावून: तीन मिनिटांना थोडी कमी, जागा एकदाही हरवली नाही. अडली मात्र पाच ठिकाणी, पहिल्यासारखीच. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे सगुणाला माहीत होतं. तरी एवढं दिसत होतं की पट्टीने सगळं भागत नाही, पण काहीतरी नक्की होतं. उरलेलं काय ते शोधायलाच तर बुधवार होता.

"आणखी काय वाचू?" वेदिकाने विचारलं. असं तिने ह्या घरात कधी विचारलं नव्हतं. हेतल पटकन आत गेली आणि फ्रिजवरचा फॉर्म घेऊन आली. हाताला तोच कागद लागला म्हणून आणला की मुद्दाम, हे सगुणाला कधीच कळलं नाही.

विनोद एवढा वेळ जाळ्याजवळ उकिडवा बसून चुकलेल्या गाठी कापत होता. त्याचा चाकू चालू होता, पण एकेका गाठीला नको तितका वेळ लागत होता.

वेदिकाने पट्टी फॉर्मवर ठेवली, खाली सरकवली. नाव, वय, शाळा सोडून दिलं. एका ओळीवर थांबली.

"कु... कुटुं... कुटुंबातील. इतर. कोणास." ती दम घेऊन पुढे सरकली. "वाचन. ले-ख-नात. अ... अडचण. होती. का-य." तिने मान वर केली. "कुटुंबातील इतर कोणास वाचन-लेखनात अडचण होती काय. आई, आपल्यात कोणाला होती?"

चाकू थांबला.

सगुणाने जाळ्याकडे पाहिलं. तीस वर्षांपूर्वी 'नाय' म्हटलं होतं, ते तिने आजवर पाळलं होतं. आजही तेच तोंडात आलं, आणि पुढे जाईना.

"लिहायचं राहिलंय ते," हेतल म्हणाली. नवऱ्याकडे न बघता. "डिझेलचा कागद, लायसनचा कागद, बँकेचा कागद. बारा वर्षं मी वाचून दाखवतेय. कधी डोळे दुखतात, कधी चष्मा होडीवर राहिला. चष्मा कधी बघितला नाही मी. मला काय कळत नव्हतं? तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

विनोदचे कान लाल झाले. त्याने आधी सगुणाकडे पाहिलं.

"मी नाही सांगितलं, दादा."

"ठाऊक हाय," तो म्हणाला.

"मास्तरांनी मला बोलावलं होतं," भागूबाई मध्येच म्हणाली. सगळ्यांना वाटलं ती पुन्हा सोयरिकीवर येणार. पण ती दारातच खाली बसली होती, उलथनं मांडीवर घेऊन. "सातवीत होता तेव्हा. निरोप पाठवला, पोराबद्दल बोलायचंय, या. दोनदा. दोन्ही वेळेला होडी लागलेली, मासळी उतरलेली. मी म्हटलं, मास्तर काय पळून जातात? उद्या जाईन." तिने पदराने तोंड पुसलं. "काय सांगणार होते, कोणास ठाऊक."

"मी पण म्हटलं, डोकं नाय पोराला, हात हायत," रघू हळूच म्हणाला. "हात हायतच. पण..." त्याने उगाच विडीचं बंडल चाचपलं आणि परत खिशात ठेवलं.

जेटीच्या बाजूने महिपतची हाक आली. "ओ तांडेल! येताव की इंजिन मी गिळू?"

विनोद उठला, पायरीवर वेदिकाच्या शेजारी जाऊन बसला. फॉर्म त्याने मांडीवर घेतला. मग हात पुढे केला, आणि वेदिकाने न विचारता त्याच्या हातात पट्टी ठेवली.

त्याने ती खाली सरकवत नेली. हात धुऊनही राहिलेल्या ग्रीसचा एक काळा ठसा कागदावर उमटला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. सगुणाला त्याच्या खांद्यावरून दिसत होतं, तो कोणत्या ओळीवर आहे ते. एका शब्दावर तो अडला. वेदिका त्याच्या दंडाला टेकली आणि कानात सांगावं तशी म्हणाली, "लेखनात. मी पण तिथंच अडले."

"व्हय," विनोद म्हणाला. ओळ संपेपर्यंत त्याने पट्टी हलवली नाही.

हाक पुन्हा आली. या वेळी विनोदने मान वर केली आणि जेटीवर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा ओरडला:

"महिपत, बुधवारी होडी तू घेऊन जा! मी माझ्या पोरीला घेऊन रत्नांग्रीला चाललोय. तिथं विचारणार हायत, घरात कोणाला वाचाय येत नव्हतं, आणि ते मलाच सांगायला पायजे!"